गाडी ‘टक्’ करते, पण सुरू होत नाही : आधी तपास, मग खर्च

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा माल बाजारात वेळेवर पोहोचला तरच त्याला किंमत. आज लहान व्यापाऱ्याच्या दारातही एखादी व्हॅन किंवा पिकअप उभी असते. गाठी चढवून झाल्या, चावी फिरवली आणि गाडीने नुसते ‘टक्’ केले, तर दिवसाचा धंदा अडतो. मग घाईत कुणी म्हणतो बॅटरी बदला, कुणी म्हणतो सेल्फ गेला. पैसे जातात आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा तिथेच उभी. जखम मांडीला, मलम शेंडीला, असा हा प्रकार. आम्ही कापडवाले ताका घेताना घडी उलगडून पाहतो. मग गाडीचा नवा भाग न पाहता, न तपासता का घ्यावा?

आवाज काय सांगतो?

चावी फिरवली की बॅटरीचा थोडा करंट सेल्फच्या सोलनॉइडकडे जातो. त्यातील चुंबक दट्ट्या ओढतो. ‘टक्’ हा आवाज त्याचाच. त्यानंतर सेल्फकडे मोठा करंट जावा लागतो. लहान गाडीतही तो शंभर-दोनशे अँपिअरच्या घरात असतो. म्हणजे आवाज आला, तर चावीकडची वाट बहुधा ठीक आहे. अडचण मोठ्या करंटच्या वाटेवर आहे.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावा आणि चावी फिरवा. भराभर ‘टकटक’ झाली आणि दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहे. एकच ‘टक्’ झाले आणि दिवे जसेच्या तसे राहिले, तर दोष सेल्फमध्ये, त्याच्या केबलमध्ये किंवा इंजिनच्या अर्थिंगमध्ये शोधावा.

बिनखर्चाचा इलाज पहिला

टर्मिनल हाताने हलवून पाहा. हलले किंवा त्यावर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर आधी निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून टर्मिनल धुवा, कोरडे करा, पॉलिश पेपरने घासा. बसवताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावा. बॅटरीत तेजाब असते आणि तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. म्हणून जवळ विडी-सिगारेट नको.

इंजिनकडून चासीकडे जाणारी अर्थची पट्टीही पाहावी. आमच्या बाजारातील एका व्यापाऱ्याच्या पिकअपला सहा महिन्यांत दोन बॅटऱ्या बसल्या. दोष निघाला तो या गंजलेल्या पट्टीत.

मीटरचा हिशेब

साधा मल्टीमीटर दुकानात असावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, तेव्हा ती भरलेली असते. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. भरलेली बॅटरीही सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरली, तर तिचे आयुष्य संपत आले आहे. गाडी सुरू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. तेवढे दिसत नसतील, तर आपले मिस्त्री ज्याला डायनामो म्हणतात तो अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा. तो दोष राहिला तर नवी बॅटरीही उतरणारच.

दुसऱ्या गाडीचा आधार

जंपर केबल लावताना आधी उतरलेल्या बॅटरीचा पॉझिटिव्ह, मग चांगल्या बॅटरीचा पॉझिटिव्ह, मग चांगल्या बॅटरीचा निगेटिव्ह जोडा. शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या कोऱ्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. काढताना हाच क्रम उलटा. धक्का मारून सुरू करणे फक्त हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत जमते. ऑटोमॅटिक गाडीत नाही.

बॅटरी भरलेली, जोडण्या स्वच्छ आणि तरी एकच ‘टक्’ होत असेल, तर सेल्फ उघडावा. पुष्कळदा आतील कार्बन झिजलेले असतात किंवा सोलनॉइडचे पॉइंट जळालेले असतात. लाकडी दांड्याने सेल्फवर हलके ठोकल्यावर गाडी सुरू झाली, तर ते त्याचेच लक्षण समजावे. पण हा इलाज गॅरेज गाठण्यापुरताच. तिथेही ‘नवा सेल्फ’ म्हणण्याआधी जुना उघडून दाखवायला सांगावे.

पुराच्या पाण्यात खबरदारी

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. पाण्यातून गेलेली गाडी ‘टक्’ करून थांबली, तर पुन्हा सेल्फ मारू नये आणि धक्काही देऊ नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही. जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि शेकड्यांचे काम हजारांवर जाते. गाडी ओढून गॅरेजला न्यावी.

बॅटरी घेतल्याची तारीख खातेवहीत लिहावी आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घ्यावा. महिन्यातून एकदा टर्मिनल पाहावे. दहा मिनिटांचे हे काम एका अडलेल्या खेपेपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.