गोंदियाच्या रेल्वेजाळ्यातील सात पूल : ऑयलर परिक्रमेचे विवेचन

प्रस्तावना

आलेख सिद्धान्ताच्या अध्यापनाची सुरुवात बहुधा क्योनिग्सबर्ग येथील सात पुलांच्या समस्येने होते. प्रेगेल नदीमुळे हे शहर (आजचे रशियातील कालिनिनग्राद) चार भूभागांत विभागले गेले होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून, एकही पूल न वगळता, मूळ जागी परतता येईल काय, हा प्रश्न होता. लिओनार्ड ऑयलर यांनी १७३५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील अकादमीपुढे मांडलेल्या निबंधात त्याचे उत्तर नकारार्थी असल्याचे सिद्ध केले. विद्यार्थ्यांना मात्र हे उदाहरण परक्या शहरातील जुनी कथा वाटते. वस्तुतः नेमकी हीच आकृती विदर्भाच्या रेल्वेजाळ्यात दडलेली असून गोंदिया जंक्शन हा तिचा एक शिरोबिंदू आहे. प्रस्तुत लेखात या जाळ्याच्या आधारे ऑयलर परिक्रमेचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

मूळ सिद्धान्त

आलेख म्हणजे काही शिरोबिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा. एखाद्या शिरोबिंदूस मिळणाऱ्या कडांची संख्या ही त्याची कोटी होय. प्रत्येक कडेवरून एकदाच जाऊन आरंभबिंदूशी परतणाऱ्या बंद मार्गास ऑयलर परिक्रमा म्हणतात. संलग्न आलेखात अशी परिक्रमा असण्यासाठी प्रत्येक शिरोबिंदूची कोटी सम असणे आवश्यक व पुरेसे असते.

अटीची आवश्यकता सहज पटते. मार्ग एखाद्या शिरोबिंदूत एका कडेने येतो आणि दुसऱ्या कडेने बाहेर पडतो. त्यामुळे कडा जोडीजोडीने खर्ची पडतात. आरंभबिंदूवर पहिली व शेवटची कड मिळून अशीच जोडी होते. अट पुरेशी असल्याची सिद्धता कार्ल हीरहोल्झर यांच्या १८७३ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या निबंधात आढळते. सर्व कोटी सम असताना कोठूनही निघालो तरी वाट केवळ आरंभबिंदूवरच संपू शकते. काही कडा शिल्लक राहिल्या, तर आलेख संलग्न असल्याने झालेल्या फेरीवरील एखाद्या बिंदूतून नवी फेरी काढून ती पहिलीत गुंफता येते. कडा संपेपर्यंत हीच कृती करावयाची.

नेमके दोन शिरोबिंदू विषम असतील, तर बंद परिक्रमा होत नाही. परंतु एका विषम बिंदूपासून निघून दुसऱ्यावर संपणारा खुला मार्ग मिळतो.

गोंदियाचे जाळे

गोंदिया, नागपूर, बल्लारशाह आणि नागभीड हे चार शिरोबिंदू घेऊ. नागपूर व इतवारी एकच बिंदू मानू. या चौकटीबाहेर जाणारे जबलपूर, हावडा, मुंबई आदी दिशांचे मार्ग, तसेच गेज व वळणे यांतील भेद बाजूला ठेवू. २०१९ पूर्वीचे जाळे असे मांडता येते : गोंदिया–नागपूर आणि नागपूर–बल्लारशाह या मार्गांवर अप व डाऊन असे प्रत्येकी दोन रूळमार्ग (तिसऱ्या मार्गाची कामे येथे गणलेली नाहीत), गोंदिया–नागभीड, नागभीड–बल्लारशाह आणि नॅरोगेजचा नागपूर–नागभीड हे तीन मार्ग एकेरी. एकूण कडा सात. नागपूरची कोटी पाच, उरलेल्या तिन्ही स्थानकांची प्रत्येकी तीन.

क्योनिग्सबर्गच्या आलेखात क्नाइपहोफ बेटाची कोटी पाच आणि अन्य तीन भूभागांची तीन होती. हे साम्य केवळ आकड्यांचे नाही. नागपूर म्हणजे बेट, गोंदिया व बल्लारशाह म्हणजे दोन काठ आणि नागभीड म्हणजे पूर्वेकडील भूभाग मानल्यास प्रत्येक कड प्रत्येक पुलाशी जुळते. दोन्ही आलेख एकरूप आहेत. म्हणूनच या जाळ्यातील प्रत्येक रूळमार्ग एकदाच तपासून मुक्कामी परतण्याची योजना कोणीही आखू शकला नसता. किती मार्ग आजमावले, याने त्यात फरक पडत नाही.

एक कड वजा झाल्यावर

नागपूर–नागभीड नॅरोगेज मार्ग ब्रॉडगेज रूपांतरासाठी २०१९ मध्ये बंद करण्यात आला. ती कड वगळताच नागपूरची कोटी चार, नागभीडची दोन होते. गोंदिया व बल्लारशाह हे दोनच विषम बिंदू उरतात. आता गोंदियाहून निघून सर्व सहा रूळमार्ग एकदाच पार करीत बल्लारशाहला संपणारा मार्ग मिळतो : गोंदिया–नागपूर–गोंदिया–नागभीड–बल्लारशाह–नागपूर–बल्लारशाह.

गोंदिया–बल्लारशाह मार्गाच्या दुहेरीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली. हे दुहेरीकरण गृहीत धरून नागपूर–नागभीड कड वगळल्यास चारही कोटी सम होतात आणि बंद परिक्रमा शक्य होते. ती कड एकेरी स्वरूपात जोडताच नागपूर व नागभीड पुन्हा विषम ठरतात. दुहेरी मार्ग कोटीत दोनाची भर घालतो, म्हणून समविषमतेचा निर्णय केवळ एकेरी मार्ग करतात.

परिक्रमा नसताना

परिक्रमा अशक्य असल्यास काही कडांची पुनरावृत्ती करावी लागते. ती कमीत कमी कशी ठेवावी, हा प्रश्न चिनी गणिती क्वान मेई-को यांनी १९६० मध्ये मांडला. तो ‘चिनी पोस्टमनची समस्या’ म्हणून ओळखला जातो. विषम शिरोबिंदूंची संख्या नेहमी सम असते. त्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीमधील लघुतम मार्ग दुसऱ्यांदा चालावयाचा. सात कडांच्या जाळ्यात अशा जोडण्या तीन प्रकारे होतात. त्यांपैकी गोंदिया–नागपूर (सुमारे १३० किमी) आणि नागभीड–बल्लारशाह (सुमारे ११० किमी) ही जोडणी सर्वांत कमी खर्चाची ठरते.

निष्कर्ष

प्रत्येक कडेवरून जाण्याचा प्रश्न कोट्या मोजून निकाली निघतो. प्रत्येक शिरोबिंदूस एकदाच भेट देणाऱ्या हॅमिल्टन परिक्रमेसाठी मात्र अशी सोपी कसोटी ज्ञात नाही. नालेसफाई, कचरासंकलन, टपालवाटप यांचे नियोजन करताना काम रस्त्यांचे आहे की ठिकाणांचे, हे प्रथम ठरविले पाहिजे. विद्यार्थ्यांनी आपल्या गावाच्या रस्त्यांचा आलेख काढून विषम चौक मोजल्यास सिद्धान्ताची उपयुक्तता त्यांना स्वतःच पडताळता येईल. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि गावाची ओळख एवढे पुरेसे आहे.