तालमींची लीग

२७ फेब्रुवारी १९०० च्या संध्याकाळी म्युनिक शहरातल्या एका तालमीत बैठक बसली आणि फिसकटली. एमटीव्ही १८७९ हे त्या तालमीचं नाव. कसरत, डबल बार, दोरावर चढणं असला तिचा कारभार. तिथली काही पोरं फुटबॉलही खेळत. फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांत उतरायचं तर आपल्या संघाची नोंद करायला हवी, एवढंच त्यांचं मागणं होतं. थोरामोठ्यांनी साफ नाही म्हटलं. अकरा जण उठले, श्वाबिंग भागातल्या गिझेला नावाच्या हॉटेलात जाऊन बसले आणि त्याच रात्री त्यांनी स्वतःचा क्लब काढला. नाव ठेवलं एफसी बायर्न म्युनिक. पुढचं जगाला माहीत आहे.

जर्मन भाषेत अशा संस्थांना 'टुर्नफेराइन' म्हणतात. मी तालीम म्हणतो, आणि ते फारसं ओढूनताणून नाही. फ्रिडरिश यान नावाच्या शिक्षकाने १८११ मध्ये बर्लिनबाहेर हाझेनहाइडेच्या माळावर उघड्यावर व्यायामाची जागा उभी केली. नेपोलियनने देश तुडवला होता, तरणी पोरं अंगापिंडाने घट्ट करायची आणि मनानेही, हा हेतू. पुढे गावोगाव अशा तालमी निघाल्या. वस्ताद, शिस्त, पथकाने केलेली कवायत, वर्षाचा उत्सव. अशा घरात चेंडूमागे धावणारं कार्टं कुणाला आवडणार? १८९८ मध्ये कार्ल प्लांक या श्टुटगार्टच्या व्यायामशिक्षकाने फुटबॉलची टर उडवणारी पुस्तिकाच छापली. इंग्रजांचा रोग म्हणून हा खेळ तिथे हिणवला जाई.

मी निमगाव केतकीचा. बारामतीहून इंदापूरला जाताना लागतं ते. तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरचं, पानमळ्यांचं आणि डाळिंबांचं गाव. आमच्याकडे मैदान म्हटलं की पहिल्यांदा आठवतो तो कुस्तीचा आखाडा. म्हणूनच म्युनिकच्या त्या अकरा जणांची हकीकत वाचली तेव्हा मला जर्मनी राहिली बाजूला, कोल्हापूर आठवलं. कारण कोल्हापुरात याच्या नेमकं उलट घडलं. तिथे तालमीने फुटबॉलला हाकललं नाही, पोटाशी धरलं.

कोल्हापूरच्या वरिष्ठ गटातल्या संघांची नावं एकदा मोठ्याने वाचून पाहा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ, प्रॅक्टिस क्लब, झुंजार क्लब. युनायटेड, सिटी, रोव्हर्स असली विलायती शेपटं फार थोड्यांना. नावावरून वाटावं की खासबागेत कुस्त्यांना निघालेत. तालीम ही तिथे पेठेची चावडी असते. गणपती तिचा, शिवजयंतीची मिरवणूक तिची, महापुरात जेवणाची पाकिटं बांधायची ती तिच्याच दारात. फुटबॉल संघ हे तिचं आणखी एक काम. संघ काढायला म्हणून माणसं गोळा करावी लागली नाहीत. ती आधीच कट्ट्यावर बसलेली होती.

हे शहर मुळात कुस्तीचं, हे सांगायला नको. राजर्षी शाहू १९०२ मध्ये युरोपला गेले, रोममधलं जुनं क्रीडागार त्यांनी पाहिलं, आणि त्या आठवणीवर बेतलेलं खासबाग मैदान १९१२ मध्ये उभं राहिलं. मधोमध हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, कुठूनही बसा, मल्ल दिसतो. त्याच संस्थानाच्या आश्रयाखाली फुटबॉलही वाढला. १९४० मध्ये, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन स्थापन झाली. सगळे तिला केएसए म्हणतात. छत्रपती घराण्याकडे तिची सूत्रं आजवर आहेत. मालोजीराजे छत्रपती तिचे अध्यक्ष, आणि २०२२ पासून ते अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीतही आहेत. (मालोजीराजे हे नाव ऐकलं की आम्हा इंदापूरकरांना आपली गढी आठवते, शिवरायांच्या आजोबांची. त्याचा फुटबॉलशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

लीग चालायला काय लागतं, यावर माझं एक मत आहे आणि ते कोल्हापूर पाहूनच झालं. चेंडू आणि मैदान ही सोपी गोष्ट. लागते ती शेजाऱ्या-शेजाऱ्यांतली ईर्षा, आणि त्या ईर्षेच्या वर बसलेला, दोघांनाही मानावा लागेल असा कुणीतरी. पेठांनी पहिली दिली. दुसरी गादीने दिली. मंगळवार पेठेचा माणूस शिवाजी पेठेच्या पंचाचं ऐकणार नाही, पण केएसएच्या कार्यालयात जाऊन खेळाडूंच्या नोंदणीचा कागद वेळेत भरतो. वर्षातला सगळ्यात गरम काळ कधीकधी तोच असतो. कोण जुन्या तालमीत राहिला, कोण पलीकडच्या पेठेत गेला, कुणाला कितीची बोली लागली, यावर चहाच्या गाड्यांवर जी चर्चा चालते तिच्यापुढे ग्रामपंचायतीची निवडणूक फिकी.

सामने होतात राजर्षी शाहू स्टेडियमवर. पूर्वी तिथे रावणेश्वराचं तळं होतं. कोल्हापूरने आपली कितीतरी तळी बुजवली. कपिलतीर्थावर मंडई आली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, आणि रावणेश्वराच्या पाण्यावर फुटबॉल आला. पावसाळा सरला, मैदान वाळलं की हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत चालतो. आधी केएसएची शाहू छत्रपती लीग, मग निरनिराळ्या चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा. वरिष्ठ गटात सोळा संघ, खाली आणखी गट, आणि खालून वर, वरून खाली जा-ये.

दुपारी चारच्या सामन्याला एकदा जाऊन बसावं. सिमेंटच्या पायऱ्या अजून तापलेल्या असतात. बसायच्या जागांवर नावं लिहिलेली नाहीत, तरी कुठल्या पेठेने कुठली बाजू धरायची हे ठरलेलं असतं. चुकीच्या बाजूला बसलात तर पहिल्या गोलला कळतं. हलगी कडाडते. मैदानात पाय टाकताना खेळाडू वाकून रेषेला हात लावतो आणि तो कपाळाला नेतो, अगदी पैलवान हौद्यात उतरताना मातीला लावतो तसा. बूट विलायती कंपनीचे, नमस्कार तालमीचा. माझ्या शेजारी बसलेल्या एका आजोबांनी शेंगांचा पुडा पुढे केला आणि विचारलं, "कुठलं पावनं?" म्हटलं, इंदापूरकडचा. "मग कुस्तीला यायचं," ते म्हणाले, आणि तेवढ्यात समोर डाव्या बगलेवरून चेंडू सुटला तसे उठून ओरडले, "हाण की, बघतंयस काय!" चेंडू बारवरून गेला. आजोबा खाली बसले, पण पुढची पाच मिनिटं त्या पोराच्या तीन पिढ्यांचा उद्धार चालला होता. पोराचा बापही म्हणे याच जागी असाच बारवरून मारायचा.

त्या एका वाक्यात ही लीग आहे. नवख्याला समोर फक्त बावीस माणसं दिसतात. पेठेच्या माणसाला त्यांच्या मागे त्यांचे बाप आणि चुलते दिसतात.

आता परत जर्मनीला जाऊ, कारण तिथली प्रादेशिक लीगही अशीच शेजाऱ्यांच्या भांडणातून उभी राहिली. १७ ऑक्टोबर १८९७ ला कार्ल्सरूह गावात दक्षिण जर्मनीतल्या आठ क्लबांनी मिळून आपली संघटना केली. राष्ट्रीय महासंघ निघायला अजून सव्वादोन वर्षं होती. तो २८ जानेवारी १९०० ला लाइपझिशमध्ये स्थापन झाला. म्हणजे प्रांत आधी, देश नंतर. १८९८ मध्ये दक्षिणेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा फ्रायबुर्गने जिंकली. योगायोग असा की कलकत्त्याची फुटबॉल लीगही त्याच सालची.

सुरुवातीची ती स्पर्धा म्हणजे मोजके सामने आणि संपलं. खरी लीग, म्हणजे घरी आणि पाहुण्याच्या मैदानावर ठरलेल्या तारखांना खेळायचं आणि गुणांचा हिशेब ठेवायचा, ती पुढे स्थिरावली. १९०८ मध्ये दक्षिणेचे चार विभाग झाले. त्यातल्या सूडक्राइस या विभागात बाडेन, व्युर्टेम्बर्ग आणि तेव्हा जर्मनीत असलेला अल्सास यांचे क्लब. या एका लीगने लागोपाठ दोन वर्षं देशाचा विजेता दिला, आणि दोन्ही एकाच गावचे: १९०९ मध्ये फिनिक्स कार्ल्सरूह, १९१० मध्ये कार्ल्सरूहर एफव्ही. १९१० च्या राष्ट्रीय उपांत्य सामन्यात तर हे दोघे एकमेकांसमोरच आले आणि केएफव्हीने तो २-१ ने काढला. पाटाकडील आणि शिवाजी मंडळ देशपातळीवरच्या स्पर्धेत भिडावेत, असा तो प्रकार.

केएफव्ही १८९१ मध्ये काढणारा वाल्टर बेन्झेमान हा शाळकरी वयातच फुटबॉलने झपाटलेला ज्यू मुलगा. गावोगाव क्लब काढत सुटला, १९२० मध्ये 'किकर' हे साप्ताहिक त्याने सुरू केलं आणि ते आजही निघतं. १९१० च्या विजेत्या संघात गॉटफ्रीड फुक्स आणि युलिउस हिर्श हे दोन ज्यू खेळाडू होते. फुक्सने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये रशियाविरुद्ध एकट्याने दहा गोल केले. पुढे नाझी आले. बेन्झेमान परदेशी, स्वित्झर्लंडमध्ये, १९३४ साली वारला. फुक्स देश सोडून वाचला. हिर्शला १९४३ मध्ये आउशवित्झला नेलं, तो परतला नाही. १९३३ मध्ये जुन्या प्रादेशिक लीगही मोडून नव्या सरकारी साच्यात बसवल्या गेल्या. मधल्या काळात तालीमवाल्यांशी काडीमोडही होऊन गेला होता: १९२३-२४ च्या सुमारास कसरतवाले आणि मैदानी खेळवाले यांनी वेगळं व्हायचं ठरवलं, आणि म्युनिक १८६० सारख्या क्लबला फुटबॉलसाठी निराळी संस्था करावी लागली. घर एकच, चुली दोन. आज नावात 'टीएसव्ही' किंवा 'टीएसजी' असलेला जर्मन क्लब दिसला तर त्यातला 'टी' हा त्या तालमीचा.

मुंबईची गोष्ट वेगळी आणि इथे थोडक्यात सांगण्यासारखी. रोव्हर्स कप १८९१ पासूनचा, हारवूड लीग १९०२ पासूनची. पण दोन्हींवर पहिली कैक वर्षं गोऱ्या पलटणींचा ताबा. रोव्हर्स कप पहिल्यांदा एका हिंदी संघाने जिंकला तो १९३७ मध्ये, बंगलोर मुस्लिम्सने. पलटणीची बदली झाली की संघ गेला. पेठेची बदली होत नाही.

मग अशी लीग आमच्या इंदापूरकडे का नाही, हा प्रश्न मला पडतो. तालमी आमच्याकडेही होत्या, ईर्षाही कमी नाही. मला वाटतं फरक वेळापत्रकाचा आहे. आमचा खेळ जत्रेशी बांधलेला. दुपारी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या, मग जोड लावत लावत इनाम चढत जातं, दिवेलागणीला शेवटची निकाली कुस्ती, आणि फड मोडला. चितपट झालेला पैलवान पुढच्या गावच्या जत्रेत वेगळ्या माणसाशी भिडेल; त्या दोघांची गाठ पुन्हा कधी, देव जाणे. लीगमध्ये हरलेल्याला पुढच्या आठवड्यात परत त्याच मैदानात, त्याच लोकांपुढे उभं राहावं लागतं, आणि तक्त्यात त्याचं नाव खाली लिहिलेलं सगळ्यांना दिसत असतं. त्यासाठी गावं एकमेकांना खेटून हवीत. कोल्हापूरच्या दोन तालमींत एक गल्ली आडवी असते. निमगावातून पुढच्या गावाला जायला मधे ऊस लागतो.

कोल्हापूरचं सगळं गोड आहे असं नाही. ईर्षा हेच इंधन असल्याने भडका उडतोच. सामन्यात राडे झालेत, दगड पडलेत, पोलिसांना काठ्या घेऊन उतरावं लागलंय. रोख बक्षिसं वाढली तसे नायजेरियासारख्या देशांतून खेळाडू आणले जाऊ लागले. गोल झाले, गर्दी वाढली, पण पेठेतल्या पोराची जागा गेली, ही कुरकुर कायमची झाली. ती कुरकुर मला पटते. बापाची चूक पोराच्या खात्यावर लिहिणारे आजोबा लागोसहून आलेल्याला काय म्हणणार? आणि एवढ्या वेडाच्या मानाने राष्ट्रीय पातळीवर पोचलेले थोडेच. निखिल कदम मोहन बागानपर्यंत गेला. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याची घडण मात्र पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली. पेठ खेळाडूला वेड लावते, पण त्याला बाहेर पाठवायची तिला घाई नसते. पेठेला तो रविवारी हवा असतो.

त्याच २०१७ च्या अखेरीस शाहू स्टेडियमवर इंडियन विमेन्स लीगच्या पात्रता फेरीचे सामने झाले आणि देशभरच्या मुली तिथे खेळल्या. पुढे त्या लीगमध्ये कोल्हापूरचाही संघ उतरला. नाव एफसी कोल्हापूर सिटी. पोरींना राष्ट्रीय लीगमध्ये नेणारा तो संघ कुठल्या पेठेच्या तालमीच्या नावाने उतरला नाही. त्यासाठी वेगळा क्लब निघाला, आणि ज्या शहरात संघांना 'सिटी' लावायची फारशी रीत नाही, तिथे तो शहराच्या नावाने खेळला.