स्वतःच्या मापाचं

गाडीत माझ्यापुढे एक मुलगी उभी होती आणि मी तिच्या पाठीवरच्या चुण्या मोजत होते. इलास्टिकचा दोरा बॉबिनवर हाताने, न ताणता भरायचा, वर साधा दोरा ओवायचा आणि पाव-पाव इंचावर शिलाईच्या रांगा टाकत जायच्या. याला शर्रिंग म्हणतात. सांगलीच्या माझ्या शिवणक्लासात मी ते अगदी शेवटी शिकवते, कारण हात बसल्याशिवाय ते जमत नाही. या मुलीच्या पाठीवर 18 रांगा होत्या, आखून काढल्यासारख्या. खाली गुडघ्यापर्यंतचा घेरदार फ्रॉक, आतल्या कॅनकॅनमुळे घंटेसारखा फुललेला. कापडावर स्ट्रॉबेरीची छपाई, पीटर पॅन कॉलर, पफ बाही, डोक्याला लेसची रुंद पट्टी. वय सत्तावीस-अठ्ठावीस तरी असेल. डब्यातलं कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं. मीच तेवढी पाहत होते.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने तोक्योला होते. ती निशी-कासाईला राहते. बाळ दोन महिन्यांचं झालं, तेव्हा एका रविवारी त्याला जावयांकडे सोपवून आम्ही मायलेकी पहिल्यांदाच बाहेर पडलो होतो.

"आई, असं टक लावून बघू नये इथे."

"अगं, विचार ना तिला, विकतचा आहे की शिवलाय?"

लेकीने दोनदा वाकून क्षमा मागितली आणि विचारलं. मुलगी लाजली, मग खुलली. कापड निप्पोरीच्या बाजारातलं, शिवलं तिनेच. आठवडाभर एका कचेरीत हिशेब लिहिते, तिथे करडा कोट आणि काळे बूट. रविवारी हे. मी तिला खुणेनेच विचारलं, हात लावू का? तिने पाठ केली. मी आतून शिलाई पाहिली. आतली बाजूही बाहेरच्या इतकीच स्वच्छ होती. ज्या मुली लोकांना दाखवण्यापुरतं शिवतात, त्यांची आतली बाजू अशी नसते. एवढं मी चाळीस वर्षांच्या शिकवण्यावरून सांगू शकते.

ओतेमाचीला गाडी बदलून आम्ही तिघी मेइजी-जिंगूमाएला उतरलो. हेच हाराजुकू. एका अंगाला मेइजी देवळाची गर्द झाडी आणि दुसऱ्या अंगाला ताकेशिता-दोरी, जेमतेम साडेतीनशे मीटरची गल्ली. आपल्या तुळशीबागेत सणाच्या आदल्या दिवशी असते तशी गर्दी. मोजे, क्लिपा, लेस, बूट, आणि सायीने भरलेल्या क्रेपचा गोड वास.

घरी आल्यावर लेकीने मला पुष्कळ वाचून दाखवलं आणि मग त्या भागाचा इतिहास कळला. 1977 पासून इथला मोठा रस्ता रविवारी गाड्यांना बंद ठेवायला लागले. त्याला जपानीत जे म्हणतात त्याचा अर्थ 'पादचाऱ्यांचा स्वर्ग'. 1980 च्या आसपास तिथे झगझगीत रंगांचे सैलसर अंगरखे घालून पोरंपोरी टेपवर नाचायची. ते कपडे 'ताकेनोको' नावाच्या दुकानातले, म्हणून नाचणाऱ्यांना लोक ताकेनोको टोळी म्हणत. ताकेनोको म्हणजे बांबूचा कोंब. 1998 मध्ये हा रविवारचा स्वर्ग बंद झाला, तेव्हा मुली शेजारच्या जिंगूबाशी पुलावर उभ्या राहू लागल्या. लांबच्या उपनगरांतून पिशवीत पेहराव घालून आणायचा, इथे येऊन बदलायचा, संध्याकाळी पुन्हा साधे कपडे घालून घरी जायचं. ही पिशवी मला फार ओळखीची वाटली. माझ्याही क्लासात अशा पिशव्या येत.

या मुलींना साऱ्या जगापर्यंत नेलं ते शोइची आओकी या छायाचित्रकाराने. 1997 मध्ये त्यांनी 'फ्रूट्स' नावाचं मासिक काढलं. पानभर एकच फोटो, डोक्यापासून बुटापर्यंत, आणि खाली वय, काय काम करते, कोणता कपडा कुठला. एखादा जुन्या बाजारातून उचललेला असे, एखादा स्वतः शिवलेला. 'स्वतः शिवला' हे शब्द एका मासिकात मोठ्या दुकानांच्या नावांच्या पंक्तीला छापलेले पाहिले आणि माझे डोळे भरून आले. आमच्या हातांची अशी नोंद कोणी घेतल्याचं मला आठवत नाही. 233 अंकांनंतर 2017 मध्ये ते बंद पडलं. फोटो काढावा अशी पोरं आता रस्त्यात दिसत नाहीत, असं आओकींनी कारण दिलं. मला मात्र त्या एका रविवारी बऱ्याच दिसल्या.

गाडीतल्या मुलीच्या पेहरावाला तिकडे 'लोलिता' म्हणतात. या नावाने एक प्रसिद्ध पाश्चात्त्य कादंबरी आठवेल, पण तिच्याशी नातं जोडलेलं या मुलींना मुळीच आवडत नाही. कपडे पाहिले की का ते कळतं. गळा बंद, गुडघे मोज्यांनी झाकलेले, आणि घेर एवढा की कोणी हातभर अंतराच्या आत येऊ नये. 'मिल्क' हे दुकान 1970 चं, 'बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट' 1988 चं. तिथून हा प्रवाह वाढत आला. नोवाला ताकेमोतो यांनी 2002 मध्ये अशाच एका मुलीवर कादंबरी लिहिली आणि 2004 मध्ये तेत्सुया नाकाशिमांनी तिच्यावर सिनेमा काढला. लेकीने तो मला वाक्यावाक्याला थांबवून समजावला. शिमोत्सुमा नावाच्या शेतीवाडीच्या गावातली मोमोको झालरीचा फ्रॉक घालून, शेतांमधून चालत स्टेशनवर जाते. ती भरतकाम इतकं सुंदर करते की ज्या दुकानावर तिचा जीव, त्याच दुकानाकडून तिला काम चालून येतं. 2009 मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने तीन तरुणींना 'कवाई' दूत नेमलं, कवाई म्हणजे गोजिरं. त्यांतली मिसाको आओकी ही लोलिता पेहरावाची मॉडेल, आणि पेशाने परिचारिका.

आता चेहऱ्यांबद्दल. ताकेशिता-दोरीत एका मुलीच्या केसांना इतक्या क्लिपा होत्या की केसांचा रंग कळेना. गालांवर चांदण्या चिकटवलेल्या, नाकावर आडवी रंगीत पट्टी, जखमेवर लावतो तसली, आणि लाली गालांऐवजी थेट डोळ्यांखाली. चालताना तिचे मणी वाजत होते. याला 'देकोरा' म्हणतात, नखशिखान्त सजवणं. सेबास्तियन मासुदा यांनी 1995 मध्ये इथे 'सिक्स परसेंट डोकीडोकी' हे दुकान काढलं, ते याच रंगांचं घर. डोकीडोकी म्हणजे काळजाची धडधड. पुढे क्यारी पाम्यू पाम्यू या गायिकेच्या 2011 च्या गाजलेल्या व्हिडिओची सजावटही मासुदांनीच केली.

दुसरी तऱ्हा 'शिरोनुरी', म्हणजे पांढरं रंगवणं. सगळा चेहरा पांढराफेक, त्यावर फुलं, अश्रू, वेली. काबुकीच्या नटांची आणि गेइशांची ही जुनी रीत. मला तिचं नवल वाटलं नाही. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते आमच्याच सांगलीत. रंगवलेला चेहरा आमच्या गावाच्या अंगवळणी पडलेला आहे. पण आमच्याकडे तो पडदा पडला की खोबरेल लावून पुसायचा. इथे तशी एक मुलगी तो घेऊन दुकानात रांगेत उभी होती आणि दुकानदार तिला सुटे पैसे मोजून देत होता.

सगळ्यांत जास्त मी थांबले ते घरी लेकीने दाखवलेल्या, शेजारच्याच शिबुया भागातल्या 'गांगुरो' मुलींच्या फोटोंपाशी. हे 1990 च्या दशकाच्या शेवटचं. उन्हासारखे दिवे लावलेल्या पार्लरात जाऊन कातडी गडद करायची, वर आणखी गडद रंग, डोळ्यांभोवती आणि ओठांवर पांढरा, केस पिवळट नाहीतर चंदेरी. त्यापुढच्या टोकाला गेलेल्यांना लोक 'यामाम्बा' म्हणू लागले, म्हणजे लोककथेतली डोंगरातली चेटकीण. ज्या देशात गोरी कातडी सात दोष झाकते अशी म्हण आहे, तिथे पोरींनी हे केलं. मी सावळी आहे. मला पाहायला पाहुणे यायचे त्याच्या आदल्या आठवड्यात आई रोज सायीत हळद कालवून माझ्या तोंडाला लावायची. तिसऱ्या नकारानंतर तिने सायीत लिंबू पिळायला सुरुवात केली. त्या फोटोंतल्या मुलींना ओठ पसरून हसताना पाहिलं आणि मी लेकीला म्हटलं, हे पान जरा तसंच राहू दे.

या पोरींना थिल्लर म्हणणारे तिकडेही आहेत, इकडेही असतील. त्यांनी एकदा तिथली शाळा-कचेरी पाहावी. शाळेत गणवेश, नोकरीच्या मुलाखतींना सगळ्या उमेदवारांचा एकाच धाटणीचा काळा सूट. अशा आठवड्यात हातात उरतो एक रविवार. त्यावर आपल्या हाताने फुललेली झालर लावायची, याला मी गंभीर काम मानते.

इथे मला माझ्या एका विद्यार्थिनीबद्दल सांगायचं आहे. 1994 ची गोष्ट. तिचं लग्न ठरलेलं, वय वीस. तिने फिकट गुलाबी कापड आणलं आणि स्वतःसाठी गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक शिवला, सहा कळ्यांचा, पाठीला शर्रिंग. हाताला इतकी चांगली मुलगी मला नंतर मिळाली नाही. सगळ्या गेल्यावर तिने दार लावून तो घातला, आरशासमोर एक गिरकी घेतली. मग काढला आणि म्हणाली, "बाई, उसवते आता. वहिनीच्या छोटीला दोन झबली होतील." मी तिला ब्लेड दिलं. 'राहू दे गं' असं म्हणायला मला काय झालं होतं, हे मी तीस वर्षं स्वतःला विचारत आले आहे.

निघायच्या आधीच्या आठवड्यात मी लेकीला निप्पोरीला न्यायला लावलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापडाची, लेसची, बटणांची दुकानं, कापडाचे तागे पार फुटपाथवर आलेले. 'तोमातो' नावाच्या दुकानात मजल्यामागून मजले कापडच कापड. मी बोटांनी पोत पाहत फिरले. तिथे भाषा लागत नाही. मी कापड चिमटीत धरून चुरगळलं, सोडलं, तशी कापणाऱ्या बाईंनी मान हलवून शेजारच्या ताग्याकडे बोट केलं, आणि खरोखर तो जास्त चांगला होता. फिकट गुलाबी सुती कापड घेतलं, पाच मीटर. पांढरी लेस, आणि इलास्टिकच्या दोऱ्याची चार रिळं.

बाहेर येऊन मी माझ्या त्या विद्यार्थिनीला फोन लावला. ती आता इचलकरंजीला असते, मोठा मुलगा नोकरीला लागलाय. मी म्हटलं, "माप सांग."

"कसलं माप, बाई?"

"तुझं. छाती, कंबर, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत उंची."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मागे यंत्रमागांचा आवाज येत होता.

"बाई, कंबर आता अडतीस आहे."

"असू दे," मी म्हटलं, "पाठीला शर्रिंग घालणार आहे."