कड्याच्या टोकावर भेटणारी भीती

पावसाळा सरला, की सह्याद्रीतल्या कड्यांवर शनिवार-रविवारी दोर लागतात. कमरेला हार्नेस आणि डोक्यावर हेल्मेट चढवलेली शहरी मंडळी रांगेत उभी असतात. थट्टामस्करी चालू असते. पाळी जवळ येते, तसा रांगेतला एखादा गप्प होतो. दरीकडे पाठ करून टोकावर उभे राहायचे आणि मागे रेलायचे, एवढेच प्रशिक्षकाचे सांगणे असते. पण पाय हलत नाहीत. तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो. ‘घाबरायचं काय त्यात!’ असे मागून कोणीतरी म्हणते आणि त्याच्या भीतीत लाजेची भर पडते.

साहसी खेळ असोत वा मुष्टियुद्धासारखे लढतीचे खेळ, हा क्षण बहुतेकांच्या वाट्याला येतो. भीती हा स्वभावाचा दोष आहे, अशी आपली समजूत असते. वास्तविक ती शरीराची जुनी संरक्षणव्यवस्था आहे.

शरीर काय करते?

मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग आपण विचार करण्यापूर्वीच धोक्याची दखल घेतो. अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलीन रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, पचनसंस्थेकडचे रक्त स्नायूंकडे वळते. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या बदलांची मांडणी केली. लढणे किंवा पळणे, या दोहोंसाठी शरीर अशा रीतीने सज्ज होते.

अडचण अशी, की कड्यावर यांपैकी काहीच करायचे नसते. तिथे बोटांचे नाजूक काम आणि शांत निर्णय लागतो. रॅपलिंग करणाऱ्याने मागे रेलून तळपाय खडकावर सपाट टेकवले, तरच पायांना पकड मिळते. घाबरलेले शरीर नेमके उलट करते. ते खडकाला बिलगते, पाय सरळ खाली जातात आणि घसरतात. मुष्टियुद्धातही नवखा खेळाडू ठोसा येताना डोळे मिटतो, मान फिरवतो, श्वास रोखून धरतो आणि पहिल्याच फेरीत दमतो. प्रशिक्षण म्हणजे या उपजत हालचालींच्या जागी दुसऱ्या हालचाली अंगवळणी पाडणे. त्यासाठी आधी पाच-दहा फुटांचा उतार आणि मगच कडा. आधी हलक्या हाताचा सराव आणि मगच खरी लढत, हा क्रम असतो.

विजेत्यांची भीती

फ्लॉइड पॅटर्सन आणि माइक टायसन यांना घडवणारे अमेरिकी प्रशिक्षक कस डी’अमाटो भीतीला आगीची उपमा देत. ती ताब्यात असेल तर ऊब देते, सुटली तर घर जाळते, असे ते शिष्यांना सांगत. शूर आणि भित्रा या दोघांच्या मनात सारखेच काहूर असते. फरक असतो तो कृतीत, हीही त्यांचीच शिकवण. पॅटर्सन १९५६ मध्ये एकविसाव्या वर्षी हेवीवेट जगज्जेता झाला. १९६२ मध्ये सनी लिस्टनने त्याला पहिल्याच फेरीत लोळवले, तेव्हा मात्र तो खोटी दाढी लावून शिकागोतून बाहेर पडला. ठोशांना सामोरा जाणारा माणूस लोकांच्या नजरेला भ्याला होता. कड्यावरच्या रांगेतल्या आपल्या पर्यटकाची अवस्था याहून फार वेगळी नसते.

अ‍ॅलेक्स होनॉल्ड याचे उदाहरणही बोलके आहे. ३ जून २०१७ रोजी कॅलिफोर्नियातील एल कॅपिटन हा सुमारे ३००० फुटांचा कडा तो दोराविना चढून गेला. त्याच्या मेंदूची एमआरआय तपासणी झाली, तेव्हा भीतिदायक चित्रे पाहूनही त्याच्या अमिग्डालात फारशी हालचाल दिसली नव्हती. त्यामुळे ‘त्याला भीतीच नाही’ असा बोलबाला झाला. पण त्या चढाईआधी त्याने तोच मार्ग दोर लावून पुन्हा पुन्हा घोटला होता. इतकेच नव्हे, तर २०१६ मध्ये दोराविना चढाई सुरू करूनही मन साथ देत नाही, असे जाणवताच तो अर्ध्यातून परतला. ही माघार त्याच्या पराक्रमाचाच भाग मानायला हवी.

भीतीचे ऐकायचे कधी?

भीती कमी व्हावी यासाठी पहिला उपाय श्वासाचा. श्वास सोडण्याचा काळ लांबवला, की हृदयाची गती उतरू लागते. दुसरा उपाय तपासणीचा. हार्नेसचे बक्कल, कॅराबिनरचे लॉक, सुरक्षेचा स्वतंत्र बिले दोर, दोराच्या टोकाची गाठ हे सारे स्वतः पाहावे आणि जोडीदाराकडूनही पाहून घ्यावे. अशा वेळी ‘मला भीती वाटते’ या वाक्याचा ‘नेमकी कशाची?’ असा प्रश्न होतो. गाठीची शंका असेल, तर ती तपासता येते. केवळ उंचीची धास्ती असेल, तर हळूहळू पुढे जाता येते. तपासूनही शंका उरली, तर मागे फिरावे.

अनुभवाने ही काळजी संपत नाही. जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर एका ज्येष्ठ, जाणत्या गिर्यारोहकाचा मृत्यू झाला. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजकांच्या नोंदणीची आणि सुरक्षेच्या निकषांची चौकट घातली. ते आवश्यकच होते. मात्र टोकावर उभ्या असलेल्या माणसाला ‘आज नको’ म्हणण्याची मोकळीक नियमांनी मिळत नाही. ती सोबत्यांनी आणि प्रशिक्षकाने द्यायची असते. पैसे भरले आहेत, सगळे बघत आहेत, कॅमेरा रोखलेला आहे, एवढ्याच कारणाने कोणी दरीत उतरत असेल, तर त्याने भीतीवर मात केलेली नसते. एका भीतीपुढे हार पत्करून तो दुसरीला सामोरा गेलेला असतो.

म्हणूनच चांगल्या प्रशिक्षकाची पारख सोपी आहे. रांगेतून कोणी बाहेर पडले, तर तो हसत नाही आणि इतरांनाही हसू देत नाही. त्याच्या हार्नेसचे बक्कल तो स्वतः सोडवतो आणि पुढच्या वेळी लहान उतारापासून सुरुवात करू, असे सांगतो. त्या दिवशी परतलेला माणूस पुन्हा कड्यावर येण्याची शक्यता त्यामुळेच टिकून राहते.