पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' लिहिण्याआधी गिरणीत डोकवा



घरगुती पीठ किंवा बेकरीचा धंदा सुरू करणाऱ्या ताई मला हल्ली हमखास विचारतात, "भाऊ, ग्लूटेन फ्री पीठ कुठून मागवायचं?" मी म्हणतो, मागवायचं कशाला? आपल्या खानदेशात ते पिढ्यान्‌पिढ्या दळलं जातंय. आपल्याला फक्त ते नीट विकायला शिकायचंय.

आधी एवढं समजून घ्या

ग्लूटेन म्हणजे कणकेला ताण देणारं प्रथिन. ते गहू, जव आणि राय या धान्यांत असतं. खपली हासुद्धा गहूच, त्यामुळे त्यातही ते आहेच. ज्वारी, बाजरी, नागली, तांदूळ, मका, उडीद आणि हरभरा यांत ते नसतं. म्हणजे आपली कळण्याची भाकरी, ज्वारीचे बिबडे, नागलीचे पापड हे सगळं मुळातच ग्लूटेनशिवायचं. आपल्या यावल-रावेर पट्ट्यातली कच्ची केळी सोलून, चकत्या वाळवून दळली की केळीचं पीठ होतं, त्यातही ग्लूटेन नाही. जळगावच्या केळीला 2016 साली जीआय मानांकन मिळालंय. कर्नाटकात 2021 मध्ये 'बाकाहू' नावाने केळीच्या पिठाची मोहीमच झाली आणि घराघरात बायकांनी ते पीठ केलं. आपल्याकडे तर मालाची कमी नाही.

ताण नाही, मग पीठ धरणार कसं?

याचं उत्तर भाकरीतच आहे. आधणाचं पाणी घातलं की ज्वारीतला स्टार्च चिकट होतो आणि भाकरी थापता येते. कळण्यात उडीद चिकटपणा देतो. बेकिंगलाही हेच तत्त्व लावा.

- सुरुवात नानकटाईने करा. तिला ताण लागतच नाही, उलट खुसखुशीतपणा हवा असतो. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन घाला.
- केकसाठी तीन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी तांदळाचं पीठ, दही आणि वाटीमागे साधारण एक छोटा चमचा इसबगोल. मिश्रण अर्धा तास भिजू द्या, म्हणजे दातांखाली कचकच लागत नाही. सोडा किंवा बेकिंग पावडर मात्र शेवटी घाला.
- केळीचं पीठ पाणी जास्त ओढतं. पहिल्यांदा दुसऱ्या पिठात पाव हिस्साच वापरा.
- ब्रेड सगळ्यात शेवटी शिका. तो ताणावरच उभा असतो.

बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त, म्हणून ते लवकर कडू होतं. पाकीट छोटं ठेवा आणि दळल्याची तारीख टाका.

आता खरा मुद्दा

माझ्या दुकानात एका ताईंनी ज्वारीच्या पिठाचं पाकीट हातात घेऊन विचारलं, "भाऊ, हे गव्हाच्या गिरणीत दळलंय का?" त्यांच्या मुलाला सीलिअॅक आहे. मी म्हटलं, "हो, त्याच गिरणीत." त्यांनी पाकीट परत ठेवलं. विक्री गेली, पण लेकराचं पोट वाचलं.

सीलिअॅक म्हणजे आवडनिवड नाही. या आजारात थोड्याशा ग्लूटेननेही लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते. आपल्या गिरणीत आधी गहू, मग ज्वारी दळतात. जात्याच्या दगडात, डब्यात, चाळणीत गव्हाचं पीठ राहतंच. फडक्याने पुसून ते जात नाही.

आपल्याकडे एफएसएसएआयचा नियम आहे: 'ग्लूटेन फ्री' लिहायचं तर एका किलोत ग्लूटेन 20 मिलीग्रॅमपेक्षा जास्त नको. हे डोळ्यांनी दिसत नाही, त्यासाठी लॅबचा रिपोर्ट लागतो.

म्हणून दोनच रस्ते:

1. गव्हाचा कण कधीच न गेलेली वेगळी घरघंटी, वेगळी चाळणी, वेगळे डबे, धान्य निवडून घेणं आणि मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासणी. मग अभिमानाने 'ग्लूटेन फ्री' लिहा.
2. एवढं जमत नसेल तर सरळ 'ज्वारीचं पीठ' लिहा आणि खाली 'गहू दळल्या जाणाऱ्या गिरणीत दळलेले' हेही लिहा. भाकरीप्रेमी गिऱ्हाईक तरीही घेणारच.

बाकीचं सामानही तपासा. बऱ्याच हिंगात मैदा असतो. आपल्याकडच्या सातूच्या पिठात गहू असतो. नानकटाई लाटताना किंवा साच्याला लावायला गव्हाचं पीठ वापरलं तर सगळी मेहनत वाया.

आणि कुणी गिऱ्हाईक म्हणालं, "पोट बिघडतं म्हणून गहू सोडतोय," तर त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवा. गहू बंद केल्यावर सीलिअॅकची तपासणी चुकीची येऊ शकते. आपण पीठ विकतो, औषध नाही.

या आठवड्याचं काम

तुमचं धान्य शेतापासून पाकिटापर्यंत कुठे कुठे गव्हाजवळून जातं, ते वहीत लिहा. गोणी, गिरणी, चाळणी, डबा, हात, सगळं. मग एक किलो धान्यातून किती पीठ हातात येतं ते तोलून भाव काढा. वेगळ्या घरघंटीचा आणि तपासणीचा खर्च त्यात धरा. भाव थोडा वाढेल, वाढू द्या. ज्या आईला लेकरासाठी खात्रीचं पीठ हवंय, ती त्या खात्रीचेच पैसे देते.

भेटू पुढच्या व्हिडिओत!