बगॅसचा बोर्ड : थायलंडचा हिशोब आणि आपला



गेल्या वार्षिक सभेत एका सभासदाने विचारले, "साहेब, थायलंडवाले फळ्या करून जगाला विकतात आणि आपण बगॅस बॉयलरमध्ये घालतो. आपणही बोर्डाचा कारखाना का काढू नये?" प्रश्न रास्त आहे. सभेत वेळ पुरला नाही, म्हणून उत्तर येथे देतो.

लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवले की प्लायवूड, चुरा राळेत कालवून दाबला की पार्टिकल बोर्ड, आणि लाकूड पिंजून तंतूंची फळी केली की एमडीएफ. (आमच्या घरच्या पार्टिकल बोर्डाच्या कपाटाचा तळ एका पावसाळ्यात फुगला, तेव्हापासून त्याचे गुण मी ओळखून आहे!)

नोव्हेंबर १९८८ मध्ये थायलंडच्या दक्षिण भागात महापूर आला. बोडक्या डोंगरांवरून ओंडके आणि चिखल गावांवर आले. जानेवारी १९८९ मध्ये सरकारने जंगलतोड बंद केली. मग लाकूड आणायचे कोठून? तर रबराच्या बागांतून. रबराचे झाड साधारण २५ वर्षांनी चिकाला कमी पडते. तेथे १९६० च्या कायद्याने रबराच्या निर्यातीवर कपात घेऊन (आपल्या ऊसबिलातून होते तशीच समजा) म्हातारी झाडे काढून नवी लावणाऱ्या शेतकऱ्याला मदत देण्याची सोय झाली. त्यामुळे दरसाल काही बागा तुटतातच. या भरवशावर थायलंड पार्टिकल बोर्ड व एमडीएफ बाहेर विकणारा मोठा देश झाला. २००९ मध्ये तर तेथून व इतर काही देशांतून येणाऱ्या स्वस्त एमडीएफवर आपल्या सरकारला जादा शुल्क बसवावे लागले.

आपल्याकडे जंगलाचे दार सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने मिटले. चहाच्या पेट्यांसाठी प्लायवूड करणाऱ्या आसामकडच्या गिरण्या थंडावल्या. धंदा हरियाणातील यमुनानगरकडे, शेतकऱ्यांच्या पॉपलर व निलगिरीवर सरकला. पण लागवडीला धरबंध नव्हता. सगळ्यांनी एकदम पॉपलर लावले, २००० नंतर भाव कोसळले, लोकांनी लावणे सोडले, की पुन्हा टंचाई. ऊसवाल्याला हे काय सांगावे! आपला बहुतेक बोर्ड घरच्याच बाजारात खपतो, वर लाकूड परदेशातून आणावे लागते.

म्हणजे फरक यंत्रांचा कमी, कच्च्या मालाचा जास्त.

आता बगॅसचे. १०० टन उसामागे २८ ते ३० टन बगॅस निघते, त्यात निम्मे पाणी. बोर्ड होतो यात शंका नाही. अमेरिकेत लुईझियानात १९२० च्या सुमारास असा कारखाना निघाला, आपल्या सोलापूर जिल्ह्यात वेळापूरलाही १९९० च्या दशकात निघाला. पण आतला भुसभुशीत गाभा राळ पिऊन टाकतो, म्हणून तो आधी वेगळा करावा लागतो. त्यात सुमारे तिसरा हिस्सा जातो. गाळप चार-पाच महिने आणि बोर्ड बारमाही, म्हणजे बगॅसच्या गंजी वर्षभर सांभाळा, कुजण्यापासून आणि आगीपासून. दुष्काळात खडकपूर्णेचे पाणी आटले आणि ऊस घटला, तर बोर्डाच्या यंत्राला काय घालणार? बॉयलरलाच पुरत नाही.

आणखी एक. राज्याच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे साखर, बगॅस, मोलॅसिस व प्रेसमडच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा ऊसदरात धरतात. यात बगॅसची किंमत येते, बोर्डाचा नफा येत नाही. बोर्डासाठी जादा शेअर्स मागायची वेळ आलीच, तर संचालक मंडळाला सभासदांनी पहिला प्रश्न हाच विचारावा. दुसरा असा, की बॉयलर भागवून लागोपाठ पाच हंगामांत बगॅस किती शिल्लक राहिले?