मुलींचा खो-खो : मैदानावर येणे आणि मैदानावर टिकणे

शाळांच्या स्मरणिकेत गुणवंतांच्या यादीचे पान असते, देणगीदारांचे पान असते, मान्यवरांचे शुभसंदेश असतात. खेळाच्या वाट्याला बहुधा चषक घेतलेल्या संघाचे एखादे छायाचित्र येते. या अंकासाठी जुनी छायाचित्रे चाळताना इतिहासाच्या अभ्यासकाच्या सवयीने आम्ही चेहरे मोजू लागलो. सातवीच्या खो-खो संघात बारा मुली उभ्या आहेत. त्याच तुकडीच्या दहावीच्या छायाचित्रात त्यांतील चारच उरल्या आहेत. बाकीच्या आठ जणी शाळा सोडून गेल्या नव्हत्या. त्या येथेच, वसतिगृहात होत्या. सुटले होते ते केवळ मैदान. हे का घडते आणि ते कसे थांबवता येईल, याविषयी अनुभवाने जे उमगले ते पालक व माजी विद्यार्थी यांच्यापुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम खेळाविषयी. परंपरागत नियमांनुसार खो-खोचा संघ बारा जणींचा. त्यांतील नऊ जणी प्रत्यक्ष खेळतात. आठ जणी मध्यपाटीवरील चौरसांत आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते. प्रतिपक्षाच्या तीन-तीन जणी तुकडीने पळतीला उतरतात. पाठलाग करणारीला मध्यपाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. पळणारीला मात्र सर्व मोकळीक. म्हणून एकटी कितीही वेगवान असली तरी तिचे काही चालत नाही. बसलेल्या सखीच्या पाठीला मागून हात लावून ‘खो’ म्हटल्यावाचून डाव पुढे सरकतच नाही. दोन खांब, चुना आणि सपाट जमीन एवढेच साहित्य लागते. गरिबाघरच्या मुलीला हा खेळ परवडतो तो यामुळेच.

येथे एक विषयांतर क्षम्य मानावे. मराठीत ‘शिवाशिवी’ हा मुलांचा खेळ आहे आणि ‘शिवाशिव’ हा आमच्या आज्या-पणज्यांनी भोगलेला शाप आहे. शब्द जवळपास एकच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली खो-खोचे नियम बांधले, त्या काळी किती अंगणांतून आमच्या मुलांना या स्पर्शाच्या खेळात घेतले गेले असेल, हा प्रश्न इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात येत नाही. आज वेगवेगळ्या वस्त्यांतील मुली एकमेकींच्या पाठीवर हात टाकून ‘खो’ देतात, तेव्हा त्या हाताकडे आम्ही थोडे अधिक वेळ पाहतो.

पुरुषांची पहिली राष्ट्रीय खो-खो स्पर्धा 1959-60 मध्ये विजयवाडा येथे झाली, तर महिलांची त्यापुढील वर्षी आपल्या कोल्हापुरात. म्हणजे हा खेळ मुलींसाठी नवा नाही. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी 2016 च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत गुवाहाटीला सुवर्णपदक मिळवले. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. याच सारिकाताईंनी 2016 साली घरच्या आर्थिक ओढाताणीपायी खेळ सोडण्याचे ठरवले होते. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातल्यावर त्या मैदानावर परतल्या, हे त्यांनीच सांगितले आहे. जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असे नमवले, तेव्हा भोजनगृहात दूरचित्रवाणीपुढे बसलेल्या मुलींनी ताटे वाजवली होती. परंतु आम्हाला त्या दिवशीही सारिकाताईंची ती समजूत घालणारी भेटच अधिक मोलाची वाटत होती. अशी समजूत घालणारे माणूस किती मुलींना भेटते?

मुली खेळाला येतात. आणाव्या लागत नाहीत. गळती सुरू होते ती साधारण आठवीत. मासिक पाळी सुरू झालेली असते, आखूड गणवेशाचा संकोच वाटतो, पांढऱ्या पँटवर डाग पडेल ही धास्ती असते, आणि यांपैकी काहीही पुरुष क्रीडाशिक्षकापाशी बोलता येत नाही. ती ‘पोट दुखते’ म्हणते, शिक्षक ‘आळशी’ म्हणतात, आणि विषय तेथेच संपतो. एका तालुकास्तरीय स्पर्धेत मैदानालगत मुलींसाठी स्वच्छतागृहच नव्हते. आमच्या मुली सकाळपासून पाणी न पिता उन्हात खेळल्या. त्यांतील दोघी पुन्हा संघात आल्या नाहीत, आणि आम्ही त्यांना दोष देऊ शकलो नाही.

दुसरे कारण रक्ताचे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी सुमारे 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे. अशा मुलीला दोन मिनिटांच्या पळतीनंतर धाप लागते आणि तिला वाटते, हा खेळ माझ्यासाठी नाही. वास्तविक तिला हवी असते पालेभाजी, चणे-गूळ, वर लिंबाची फोड, आणि आठवड्याची लोहाची गोळी. जेवणावर लगेच चहा पिण्याची आपल्या घरांतील सवयही अन्नातील लोह अंगी लागू देत नाही, हे सुटीत मुलगी घरी आली असता पालकांनी ध्यानात ठेवावे.

तिसरे कारण आम्हा शिक्षकांच्या माथी येते. बारातील नऊच खेळतात. उरलेल्या तिघी वर्षभर पाण्याच्या बाटल्या सांभाळतात. गळणाऱ्यांत पहिल्या त्याच असतात. जिंकण्याच्या हव्यासात हे आम्हाला फार उशिरा दिसले. आता सरावाच्या प्रत्येक सामन्यात प्रत्येक मुलगी किमान एक डाव खेळते. संथ मुलीला खांबाजवळ बसवून सूर मारायला शिकवले, तर तीही गडी टिपते. पॅडची पेटी क्रीडा खोलीत उघडी ठेवली आहे, किल्ली मागावी लागत नाही. गणवेश पूर्ण लांबीचा की आखूड, हे मुलगी ठरवते. पाळीच्या दिवसांत खेळायचे की नाही, हेही तीच ठरवते. बाहेरगावच्या स्पर्धेला एक शिक्षिका सोबत असतेच.

पालकांचे आक्षेप आम्हाला पाठ आहेत. ऊन लागून काळी पडेल, हात मोडला तर लग्न कसे जमेल, दहावीचे वर्ष आहे. पहिल्यावर आम्ही बोलत नाही. दुसऱ्यावर 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी विवाहाची घाई करू नका असे बजावले होते, याचे स्मरण देतो. तिसऱ्याबाबत मात्र आमची मान खाली जाते. कारण एके वर्षी जिल्हा संघात निवड झालेल्या एका मुलीला ‘आता अभ्यास कर’ असे सांगून आम्हीच मैदानातून उठवले होते. गुण वाढले नाहीत. संध्याकाळी ती वसतिगृहाच्या पायरीवर बसून सराव पाहत असे. शालेय स्पर्धांतील कामगिरीसाठी बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण असतात, शासकीय नोकरभरतीत पात्र खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण असते, हे तेव्हा तिच्या वडिलांना कोणी सांगितले नाही, आम्हीही नाही. गेल्या जूनमध्ये ती आपल्या मुलीच्या प्रवेशासाठी आली होती. शुल्क, जेवण, अंथरूण यांची चौकशी करून झाल्यावर तिने विचारले, “सर, संध्याकाळचा खेळ दहावीपर्यंत चालू असतो ना?”

दहावीनंतर मैदान सुटते ते बहुधा कायमचे, कारण गावात मुलींचा संघच नसतो. म्हणून यंदाच्या स्नेहमेळाव्यात दुपारी चार वाजता माजी विद्यार्थिनी विरुद्ध आजच्या मुली असा सामना ठेवला आहे. लग्न झालेल्या, चाळिशी ओलांडलेल्या, सर्वांनी यावे. साडी नेसून खेळता येणार नाही, कॅनव्हासचे बूट आणावेत. लहान मुलांना त्या वेळेपुरते भोजनगृहात सांभाळण्याची जबाबदारी माजी विद्यार्थ्यांनी, म्हणजे पुरुषांनी, घेतली आहे.